अभय उसाला, भय ज्वारीला

आमच्या भागात सप्त्याच्या कीर्तनात लोभाचा विषय निघाला, की महाराजांचं बोट हटकून उसाकडे वळतं. माणसाला पाण्याची हाव सुटली, म्हणून विहिरी आटल्या, बोअर सहाशे फुटांवर गेले, चंद्रभागेत वारकऱ्याच्या स्नानापुरतं पाणीसुद्धा धरणातून सोडावं लागतं, असं निरूपण होतं. मंडपातली माणसं माना डोलावतात आणि त्यांतल्या कितीतरी जणांचा ऊस त्याच रात्री पाणी पीत उभा असतो. मी माळकरी आहे, वारी मला वडिलांकडून मिळाली आणि लोभ माणसाला रसातळाला नेतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही हे निरूपण मला अर्धं वाटतं. कुठलं पीक लावलं तर पैसा बुडणार नाही आणि कुठलं लावलं तर व्यापाऱ्याच्या दारात तिष्ठावं लागेल, हे शेतकऱ्याच्या बांधावर ठरत नाही, मुंबई-दिल्लीत ठरतं. मग आटलेल्या विहिरीचं पाप एकट्या शेतकऱ्याच्या नावावर कसं चढवायचं? हा प्रश्न अर्थशास्त्राचा दिसतो, पण मी त्याला धर्माचा प्रश्न मानतो.

माझी नोकरी सोलापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागात झाली. चिटबॉय म्हणून लागलो, ॲग्री ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झालो. चिटबॉय म्हणजे कारखान्याचा गावातला माणूस. लागणीच्या दिवसांत बांधाबांधाने फिरून ऊस नोंदवायचा आणि हंगामात तोडीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, हे त्याचं काम. नोंद घेताना टेप टाकून क्षेत्र मोजायचं, गट नंबर लिहायचा, जात लिहायची, ८६०३२ की २६५. मग लागणीची तारीख आणि प्रकार: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा. तारखेला फार महत्त्व, कारण तोडीचा नंबर तिच्यावरच ठरतो. एका दिवसाच्या फरकावरून भावाभावांत बोलाचाली झालेली मी पाहिली आहे. आमच्या नोंदीच्या फॉर्मवर सिंचनाचाही एक रकाना होता. त्यात विहीर, बोअर, कॅनॉल किंवा नदी यांपैकी एक शब्द लिहायचा आणि पुढच्या बांधावर जायचं. किती पाणी, असा रकाना मात्र नव्हता. हजारो नोंदी माझ्या हातून गेल्या आणि त्यांतल्या एकीतही पाण्याचं माप नव्हतं.

माढा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची नोंद घेताना मी त्याला म्हणालो होतो, "अण्णा, तुमच्या विहिरीला एप्रिलमध्ये तळ दिसतो. एवढा ऊस कशाला? दोन एकर ज्वारी ठेवा की." त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "साहेब, ज्वारी पिकवली तर ती घेऊन मला बाजारात जावं लागतं. ऊस लावला तर कारखाना माझ्या बांधावर येतो. तुम्हीच बघा ना, तुम्ही आलाय. ज्वारीची नोंद घ्यायला कोण आलंय का आजवर?"

या बोलण्यातली खोच कळायला उसाचा कायदा माहीत हवा. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, त्याखालचा ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. या आदेशाप्रमाणे उसाची किमान किंमत दरवर्षी केंद्र सरकार ठरवतं. आधी तिला एसएमपी म्हणत, २००९-१० च्या हंगामापासून एफआरपी म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामाला ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्क्यांनी व्याज द्यायचं, असं आदेशातच लिहिलेलं आहे. पुढे साखरेचं बघा. कारखान्याने दर महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा केंद्र देतं; किलोला ३१ रुपयांखाली विकायची नाही, असा दर फेब्रुवारी २०१९ मध्ये घातला गेला. इथेनॉल काढलं तर ते तेल कंपन्या घेणार, सरकारने ठरवलेल्या भावाने. कांडी जमिनीत पडल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत प्रत्येक पायरीवर सरकारचा हात आहे. हप्ते थकतात, रस्त्यावर टायर जळतात, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची घोषणा होते, हे सगळं खरं आहे. पण भांडायला कायद्याचा आधार असतो आणि समोर ठरलेला गिऱ्हाईक असतो.

ज्वारीचं काय? मालदांडी ज्वारीला २०२५-२६ साठी क्विंटलला ३,७४९ रुपये हमीभाव जाहीर आहे. जाहीर आहे म्हणजे छापलेला आहे. शेतकऱ्याची ज्वारी मार्चमध्ये खळ्यावर येते, तेव्हा ती त्या भावाने घ्यायला दारात कुणी उभं नसतं. रेशनवर पिढ्यान् पिढ्या गहू-तांदूळ दिला गेला, तेव्हा खाणाऱ्याच्या ताटातूनही भाकरी हळूहळू सरकली. आणि ही ज्वारी काही साधीसुधी नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून, वरून एकही पाणी न देता ती कमरेच्या वर वाढते. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, असं दुहेरी पीक. आमच्या जिल्ह्यात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्या पावसाच्या मापाचं हे पीक आहे. उसाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, आडसालीला त्याहूनही अधिक.

पैशांचा हिशेब कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. एकरी चाळीस टन ऊस धरा; तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला सत्तावीसशे हातात पडले, तर एक लाखाच्या वर जातात. खतं, बेणं, मजुरी यांत निम्मे गेले तरी निम्मे राहतात. जिरायत ज्वारी एकरी सहा-सात क्विंटल, तीही पाखरांनी आणि अवकाळीने ठेवली तर. वीस-बावीस हजार येतात आणि वर कडबा. हा हिशेब दहावी नापास माणूसही क्षणात करतो आणि तो चुकत नाही.

याला लोभ म्हणायचं का? नोकरीच्या काळात मला शेतकऱ्याच्या डोळ्यांत लोभापेक्षा भय जास्त दिसलं. सोसायटीचा हप्ता, पोरीचं लग्न, पोराची कॉलेजची फी, आईचं ऑपरेशन. या भयापुढे जो हमी देईल त्याच्याकडे माणूस जाणारच. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासून सुरू होते. दान, दम, यज्ञ, अहिंसा सगळं त्यानंतर येतं. ज्ञानोबारायांनीही त्या अभयाला पहिला मान दिला. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी काम, क्रोध, लोभ ही नरकाची तीन दारं येतात. आमचे महाराज शेवटापासून सुरुवात करतात. मला वाटतं, सुरुवात सुरुवातीपासून करावी. ज्याला अभय नाही त्याला निर्लोभी राहा म्हणून सांगण्याचा अधिकार कुणाला पोहोचतो? राज्याने आमच्या भागात अभय दिलं, पण ते एका पिकाला दिलं. बाकी सगळी पिकं भयाच्या हवाली केली. माणसं अभयाच्या मागे गेली, नदीचं पाणी त्यांच्यामागून गेलं.

हे आजकालचं नाही. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली आणि त्यानंतर इंग्रजांनी निरेसारखे कालवे काढले, ते दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. पण पाऊस बरा झाला की शेतकरी ज्वारीला कालव्याचं पाणी घेईना, पट्टी कशाला भरायची म्हणून. कालव्याचा खर्च निघेना. मग सरकारी अभियंत्यांनी बारमाही पिकाला उत्तेजन दिलं, कारण ऊसवाला पाणीपट्टी भरतो. विश्वेश्वरय्यांनी निरेवर आणलेली ब्लॉक पद्धत त्याच काळातली. पाणी थोड्यांच्या उसात अडकून पडू नये, अधिक गावांना पोहोचावं, हा तिचा हेतू होता. पुढे १९३२ साली साखरेला आयात जकातीचं संरक्षण मिळालं आणि चार-पाच वर्षांत देशातल्या कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपासवरून सव्वाशेच्या वर गेली. माणसांचा लोभ काही १९३२ साली चौपट झाला नव्हता. जकात बदलली होती. मग १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाराचा कारखाना उभा केला. त्या कारखान्यांनी आमच्यासारख्यांच्या घरात दिवा लावला, हे मी कधी विसरणार नाही. शाळा, दवाखाने, रस्ते, माझी स्वतःची भाकरी, सगळं त्या चिमणीच्या धुराखालचं आहे. म्हणूनच मला उसाला शिव्या घालता येत नाहीत.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म शरपंजरी पडून युधिष्ठिराला राजधर्म सांगतात. काळ राजाला घडवतो की राजा काळाला, ही शंकाच मनात ठेवू नकोस, राजाच काळाला घडवतो, असं ते म्हणतात. राजा दंडनीती पुरतेपणी पाळतो तेव्हा कृतयुग असतं, आणि ती टाकून देतो तेव्हा कलियुग. कलियुग पंचांगातून येतं असं आपण समजतो. भीष्मांच्या मते ते राजसभेतून येतं. हा विचार मला फार मोठा वाटतो. लोकांचं शील बिघडलं म्हणून रडण्याआधी नियमांचं शील तपासा, असा त्याचा अर्थ.

आमच्या मातीत याचं एक उदाहरण आहे, पण आपण त्याच्याकडे निव्वळ चमत्कार म्हणून बघतो. दामाजीपंतांची कथा. मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाचं कोठार होतं, दामाजी त्याचे अधिकारी. दुष्काळात माणसं तडफडू लागली, तेव्हा दामाजींनी ते कोठार लुटू दिलं. पुढे विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन बिदरला गेला आणि मोहरा भरून रसीद घेऊन आला, अशी कथा. देवाने पैसे भरले हा भाग भक्तीचा आहे आणि तो मला प्रिय आहे. पण दामाजींनी नेमकं काय केलं तेही बघा. त्यांनी घरातली मूठमूठ ज्वारी वाटली असती तर ते दानशूर म्हणून राहिले असते. त्यांनी राज्याचं कोठार उघडलं. एका अधिकाऱ्याच्या एका निर्णयाने हजारो माणसांचा धर्म वाचला, कारण पोटातल्या आगीपुढे कुठलाही धर्म टिकत नाही. आज त्याच मंगळवेढ्यात संत दामाजींच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. ज्वारीच्या कोठाराचं गाव ते, आणि तिथेही हमी मिळाली ती उसाला. दामाजींच्या वारशाला धरून वागायचं, तर आधी ज्वारीचं सरकारी कोठार तिथे उभं राहायला हवं.

नियम माणसाची रोजची सवय कशी घडवतो हे बघायचं तर रात्री शेतात जावं. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं अश्वशक्तीवर आकारली गेली. किती युनिट जळले याला महत्त्व नव्हतं. आता २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. आणि ती वीज येणार आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री साडेअकराला. थंडीत, साप-विंचवांत, बिबट्याच्या भीतीत कोण उठून मोटार चालू करायला जाणार? म्हणून प्रत्येक पेटीत ऑटो स्टार्टर बसला. तो पेटीत एका कोपऱ्यात असतो, तळहाताएवढा, लाल दिवा लागलेला. लाइट आली की मोटार आपोआप उठते, लाइट गेली की बसते. शेतकरी घरी झोपलेला असतो. सरी भरते, उताराकडची सरी फुटते, पाणी बांधावरून ओढ्याला लागतं, आणि मोटार चालूच राहते. पाणी मोजायचं नाही, विजेला पैसा नाही, वेळ आपल्या हाती नाही, अशा तीन नियमांतून तो लाल दिवा जन्मला. कुणाही शेतकऱ्याला पाणी ओढ्यात सोडायचं नव्हतं. ओल जास्त झाली की जमीन चोपण होते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आमच्या कारखान्यात वजनकाट्यावर माझा एक मित्र होता. तो बौद्ध. हंगामात रात्रपाळीला टायरगाड्यांची रांग लागलेली असायची, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत असायच्या, आणि आम्ही काट्याच्या खोलीत चहा पीत वाद घालायचो. त्याने मला कूटदन्त सुत्त सांगितलं. एका राजाला मोठा यज्ञ करायचा होता, पण राज्यात चोऱ्या-दरोडे माजले होते. पुरोहिताने त्याला सांगितलं, की फाशी देऊन, हद्दपार करून हे थांबणार नाही. जो शेती करतो त्याला बी-बियाणं आणि चारा द्या, जो व्यापार करतो त्याला भांडवल द्या, जो चाकरी करतो त्याला पुरेसं वेतन द्या. माणसं आपापल्या कामाला लागतील आणि घरांची दारं उघडी ठेवून झोपतील. मी खूश झालो. म्हणालो, "हेच तर भीष्म सांगतात. नियम नीट करा, माणूस नीट होतो."

तो म्हणाला, "थांब तात्या, एवढ्यावर खूश होऊ नको. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नियम आणि तत्त्व यांत फरक केलाय. नियम तुला सांगतो, अमुक कर. तत्त्व तुला सांगतं, कशाच्या आधारे ठरव. नुसत्या नियमाने वागणारा माणूस बरोबर वागला तरी जबाबदार होत नाही. मग तुझं सरकार ठिबकला अनुदान देणार आणि माणूस ठिबक बसवणार, यात धर्म कुठं आला? उद्या अनुदान बंद झालं की नळ्या भंगारात."

या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस झोप लागू दिली नाही, आणि त्याचा पुरावाही मी डोळ्यांनी पाहिला. ठिबकला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. ज्यांनी बसवलं त्यांचं पाणी वाचलं. वाचलेल्या पाण्याचं काय झालं? आणखी एक एकर ऊस झाला. विहीर पूर्वीइतकीच आटली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात बारमाही पिकाला ठिबकचं बंधन घालण्याची तरतूद आहे. २०१७ साली मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णयही घेतला. ठरल्या मुदतीत ते झालं नाही. वरून आलेला आदेश, खालच्या कुणी मनापासून न मानलेला. मित्राचं म्हणणं तिथे खरं ठरलं.

तरीही मी त्याच्याशी पूर्ण सहमत झालो नाही, आणि त्याचं कारण माझ्या गळ्यातली माळ आहे. ती मी समजून-उमजून घातलेली नव्हती. वडिलांनी पंढरपुरात घातली, मी लहान होतो. मटण नाही, एकादशीला अन्न नाही, खोटं बोलायचं नाही, आषाढीला चालायचं. पहिली काही वर्षं तो माझ्यावरचा नियमच होता. भावकीतल्या लग्नात रस्सा वाढला जात असताना मला मोह व्हायचा. केव्हातरी तो नियम माझा झाला. आज कुणी माळ काढून नेली तरी मी तसाच वागेन. बाहेरून आलेला नियम आत उतरू शकतो. पण तो उतरला, कारण वडील स्वतः तो पाळत होते, वारीतले सगळे पाळत होते, आणि त्यामागे जिवाला जीव मानण्याचं एक तत्त्व होतं, जे मला मोठेपणी पटलं. नियमाला तत्त्वाचं मूळ असेल आणि तो सगळ्यांना सारखा लागू असेल, तर तो सवयीतून शीलात जातो. उसाच्या आदेशाला असं मूळ नाही. त्यात उतारा आहे, वजन आहे, व्याज आहे. पाणी कुणाचं, याबद्दल त्यात काहीच नाही.

तत्त्व आणि नियम एकत्र आलेले मला पुरंदर तालुक्यातल्या नायगावला दिसले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंते-उद्योजक तिथे जाऊन राहिले आणि पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मी कुठल्याही धर्मग्रंथाइतके आदराने वाचतो. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, माणसांच्या संख्येवर वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. खर्चातला वाटा लाभधारकाने आधी भरायचा. आणि ऊस लावायचा नाही. हा नियम दिल्लीहून आलेला नव्हता, ज्यांना तो पाळायचा होता त्यांनीच तो मान्य केला होता. 'पाणी सगळ्यांचं' हे तत्त्व आधी, मापं नंतर. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात तसंच केलं: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद, आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. हिवरे बाजारची माणसं काही संत जन्मली नव्हती. दुष्काळाने आणि भांडणतंट्याने गाव उठून चाललेलं होतं. नियमाने त्यांना एकमेकांपासून अभय दिलं. शेजारी रात्री जास्त खोल बोअर मारणार नाही, ही खात्री मिळाल्यावर माणूस स्वतःचाही हात आवरतो.

पण सगळी गावं हिवरे बाजार होणार नाहीत, आणि तोपर्यंत राजसभेला सुट्टी देता येत नाही. भाव माणसाला किती झपाट्याने वळवतो हे इथेनॉलमध्ये नुकतंच दिसलं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं गेलं आणि ते गाठलंही गेलं. शहरातल्या गाडीचा धूर त्याने कमी होईल, परकीय चलन वाचेल, चांगलंच आहे. पण उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी जातं, असा हिशेब नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे. म्हणजे मुंबईची हवा सुधारण्याचं मोल भीमेच्या खोऱ्याने पाण्यात मोजायचं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला अचानक बंदी घातली, मग काही दिवसांत थोडी सूट दिली, पुढच्या वर्षी मोकळीक दिली. दरम्यान मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये भाव ठरला, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५.६१ होता. दोन-तीन वर्षांत मका उसाच्या पुढे गेला, देशातल्या इथेनॉलचा मोठा वाटा धान्याचा झाला. एवढ्यात शेतकऱ्याचं अंतःकरण पालटलं का? सहा रुपये पंचवीस पैशांचा फरक होता. जे काम कीर्तनाने दोन पिढ्यांत झालं नाही, ते एका दरपत्रकाने दोन हंगामांत केलं. मक्याचेही प्रश्न आहेत. कोंबड्यांचं खाद्य महागलं, निर्यात करणाऱ्या देशाला मका आयात करावा लागला. तरीही यातून एक गोष्ट पक्की झाली: सरकारला वळवायचं असेल तर ते वळवू शकतं. वळवत नसेल तर तीही त्याची निवड आहे, आणि त्या निवडीचं पाप-पुण्य त्याच्या खात्यावर पडतं.

भीमेवरच्या उजनी धरणात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे हात लावायचा नाही असं ज्याचं नावच सांगतं. दर काही वर्षांनी आपण त्या मृतसाठ्यात उतरतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं. सोलापूर शहराला काही दिवसांआड नळ येतो आणि त्याच जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. ही दोन वाक्यं एकाच जिल्ह्याबद्दल खरी असणं मला अधर्म वाटतो. तो कुणा एकाने केलेला नाही, म्हणून तो कमी होत नाही.

ऊस बंद करा, असं मी म्हणणार नाही. जिथे नदीला बारमाही पाणी आहे, जमीन निचऱ्याची आहे, तिथे तो राहावा. पण उसाला जसं घरपोच अभय आहे तसं ज्वारीला, तुरीला, हरभऱ्याला, करडईला मिळायला हवं: गावाजवळ खरेदी केंद्र, चौदा दिवसांत पैसे, रेशनवर आणि पोषण आहारात भाकरीचं पीठ. पाणी मोजून मिळायला हवं, माणशी हक्काने, आणि वीज दिवसा. आणि कारखान्याच्या नोंदीच्या फॉर्मवर पाण्याचं माप यायला हवं, ज्याच्यावर दरातला थोडा फरक ठरेल. कमी पाण्यात टन काढणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळाले, तर पुढच्या हंगामात माझ्या जागी आलेल्या चिटबॉयला कुणाला उपदेश करावा लागणार नाही.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर येते. त्या दिवशी आपल्या गावात किती पाऊस पडला, विहिरींना किती हात पाणी आहे, त्यात किती ऊस बसतो आणि किती ज्वारी, एवढा हिशेब फळ्यावर मांडा. ज्वारीच्या हमीभावाच्या खरेदी केंद्राचा ठराव त्याच सभेत करा आणि तो तहसीलदारांकडे, आमदारांकडे, कारखान्याच्या संचालक मंडळाकडे पाठवा. उत्तर आलं नाही तर पुढच्या सभेत पुन्हा करा. ज्यांच्या सहीने दर ठरतो, त्यांच्याकडे आता धर्माच्या नावाने मागणी करा.